उजवा कान

“आज कुणाचा फोटो लावणार आहेस?” मी विचारलं.

चित्रा ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकत नव्हतं. मूठ वळली तरी ते ताठच राहायचं, आणि ती सुरी चालवायला लागली की मला दर वेळी वाटायचं, आता कापून घेतेय.

“वाचलं न्हाईस होय अक्का? सकाळीच टाकलंय की. ‘आज दिवेलागणीला एक पुस्तकी साहेब.’”

आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या माणसांत पुस्तकांशी संबंध असलेला एकच होता.

“कुजबुजे?”

“तुझा कुजबुजे. माझा मगदूम,” ती मागे न वळता म्हणाली. “फोटोवरनं नाव शोधायला काय लागतंय आता? शाल-नारळ घेतानाचे ढीगभर फोटो हाईत त्याचे.”

इतकी वर्षं उलटली, आता सांगायला हरकत नाही. कोल्हापुरात आमचा जो धंदा चालायचा त्याला जाहिरातीत ‘एस्कॉर्ट सर्व्हिस’ म्हणत. मराठीत काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यात फोनवरची बाई होते. पुरुषांनी फोन करायचा, मी बोलायचं, माणूस बरा वाटला तर पुढची गोष्ट. माझं तोंड त्यांच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. मी त्यांची नावं विचारत नसे. बोलण्याच्या तऱ्हेवरून मीच त्यांना आडनावं ठेवायची. एक होते घासाघिशे, एक घाईतकर, एक उगाचलांबवे. कुजबुजे एका जुन्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. आयुष्यभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसल्यामुळे असेल, पण ते रस्त्यावरून फोन करत असले तरी कुजबुजूनच बोलायचे.

मुलीला भेटण्याआधी माणसानं आपला ताजा फोटो पाठवायचा आणि त्या फोटोत आपला उजवा कान धरायचा, हा माझा नियम. दुसऱ्याचा किंवा दहा वर्षांपूर्वीचा फोटो कुणी खपवू नये म्हणून काढलेली ती युक्ती होती. मुलगी फोटो बघायची. माणूस नात्यातला नाही, गल्लीतला नाही, आधी कुणाला त्रास दिलेला नाही, एवढी खात्री झाली की मी फोनवर म्हणायची, “पुसला बरं का तुमचा फोटो.” आणि खरंच पुसायची. ह्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा होता. मला त्याचा अभिमानही होता. असल्या धंद्यात कसला अभिमान, असं कुणी म्हणेल तर म्हणो.

चित्रा आमच्याच मुलींपैकी एक, आणि माझा फोन तिनंच सुरू करून दिला होता. मी इथे पुसलेला फोटो तिकडे तिच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो, हे मला ठाऊक नव्हतं. बरेच दिवस तिलाही ठाऊक नव्हतं असं ती म्हणते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी संग्राम नावाच्या एका माणसानं हायवेवरच्या लॉजमध्ये तिचं बोट मोडलं. झटापटीत चुकून मोडलं असं नव्हे. तिनं नाही म्हटलं आणि ती खोलीबाहेर पडली, तर त्यानं तिला व्हरांड्यात गाठलं, हात धरला आणि बोट मागे वाकवत नेलं. ती तक्रार द्यायला गेली तेव्हा चौकीतले साहेब म्हणाले, कुणी पाहिलंय का, साक्षीदार आण. साक्षीदार होता. कुजबुजे त्याच वेळी दुसऱ्या एका मुलीला भेटायला जिना चढून वर आले होते. त्यांनी सगळं पाहिलं. संग्राम गेल्यावर त्यांनी आपल्या रुमालानं चित्राचा हात बांधला, तिला रिक्षात घातलं, दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं आणि फाटकातूनच ते मागे फिरले. पुढच्या वेळी त्यांचा फोन आला तेव्हा मी साक्षीचं विचारलं. ते कुजबुजले, “मॅडम, घरची अब्रू आहे. माझं नाव नको.”

मग चित्रानं नेटवर ‘कान धरा’ नावाचं पेज काढलं. पहिला फोटो अर्थातच संग्रामचा. बघणाऱ्याला वाटायचं, गडी कान धरून माफीच मागतोय. मी त्या दिवशी पोट धरून हसले, लपवत नाही. पण थोड्याच दिवसांत त्याचा वाढदिवस आला, आणि त्याच्या दोस्तांनी चौकात हा मोठा फ्लेक्स लावला. संग्राम कान धरून हसतोय आणि खाली शुभेच्छुकांची रांग. केक कापतानाही त्यानं कान धरला आणि सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या.

पेजला मात्र बघे मिळाले होते. पुढचा कोण, पुढचा कोण, म्हणून लोक मागे लागले. चित्रानं घासाघिशेंचा फोटो लावला. औषधांच्या दुकानाचा मालक, बोलायला उर्मट, पण त्यानं कुठल्या मुलीवर हात कधी उगारला नव्हता. त्याच्या दुकानाच्या शटरवर कुणीतरी डांबरानं भलामोठा कान काढला. त्याची मुलगी शाळेत जाईना. एके दिवशी घराला कुलूप लावून सगळे बेळगावला निघून गेले ते परत आलेच नाहीत. ज्याला लाजच नव्हती त्याचा वाढदिवस झाला, आणि ज्याला होती त्याचं घर उठलं.

आणि आता मगदूम.

“त्यानं तुझं काय मोडलंय?” मी म्हटलं.

“मोडलं न्हाई. मोडताना बघितलं.”

“रुमाल बांधला.”

“आणि फाटकातनं पळाला.” तिनं सुरी खाली ठेवली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलायची, आणि रागावली की तिचा आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा. “अक्का, मी चौकीत एकटा बसलो होतो. हात ठणकत होता. साहेब मला विचारत होता, तू तिथं कशाला गेलीस, आणि बाकीचे हसत होते. त्या एका माणसानं येऊन म्हटलं असतं, होय, मी बघितलंय, तर एवढंच पाहिजे होतं मला. रेड पडली की टीव्हीवर कोण दिसतंय? आम्ही. ओढणी तोंडावर घेऊन. हे मागच्या जिन्यानं जातात. आणि त्यांची तोंडं झाकायला तू हाईस. ‘पुसला बरं का तुमचा फोटो.’ माझा कोण पुसतंय?”

 

“मी त्यांना शब्द दिलाय,” मी म्हटलं.

“मला काय दिलंस?”

मी ओट्यावरच्या तिच्या फोनकडे बघितलं. तिनं ते ओळखलं.

“घे की. काय उपयोग न्हाई. वेळ लावून ठेवलीय. आता मी मेलो तरी सातला फोटो जाणार.”

खिडकीतून ऊन अजून आत येत होतं, पण ओट्यावरून सरकून भिंतीवर चढलं होतं. मी माझा फोन घेऊन गॅलरीत गेले. आमच्या धंद्यात आपण होऊन माणसाला फोन करायचा नाही, हा देवापुढच्या दिव्यासारखा पाळायचा नियम. पलीकडे कोण उचलेल सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

“हॅलो,” पलीकडून कुजबुज आली.

“मी फोनवरची मॅडम बोलतेय. फोन ठेवू नका.”

कुणीतरी पुस्तकावर शिक्का मारत होतं, तो आवाज ऐकू येत होता.

“ते ‘कान धरा’ पेज माहीत आहे तुम्हाला?”

“आमच्याकडचे शिपाई दाखवत होते एकमेकांना,” ते म्हणाले. आणि मग, “माझा?”

“आज सातला.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“बोट मोडलेली ती मुलगी, तिनंच हे काढलंय. तिला फक्त साक्ष हवी होती. तुम्ही या. तिच्याशी बोला. पत्ता सांगते.” मी पत्ता सांगितला. तो सांगणं हाही नियम मोडणंच होतं, पण एक मोडल्यावर दुसऱ्याचं काय. “मगदूम साहेब, ऐकताय ना?”

त्यांचं खरं नाव माझ्या तोंडून गेलं. पलीकडून फोन बंद झाला.

मी आत आले. चित्रानं सगळं ऐकलं होतं. कांदा तसाच ठेवून जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मी पुन्हा फोन लावला, तर तो बंद. थोड्या वेळानं लावला, तरी बंद.

“येत न्हाई तो,” चित्रा म्हणाली. “गाव सोडून पळाला बघ.”

“पळाला असला तर बरंच.”

“म्हणजे?”

मला म्हणजे काय ते तोंडानं सांगवेना. वाचनालयापासून रंकाळा तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी वाचनालयाचा नंबर शोधून तिथे फोन केला आणि पुस्तकाची चौकशी करतेय असं दाखवून साहेबांना विचारलं. शिपाई म्हणाला, “साहेब न्हाईत. मघाशी उठून गेले. चष्मा पण टेबलावरच टाकून गेलेत, काय कळंना.”

“कुठं गेले?”

“काय बोलले न्हाईत बघा.”

मी फोन खाली ठेवला. चित्रा माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चष्मा ठेवून गेलाय,” मी म्हटलं.

“मग?”

“चष्मा नसला तर त्यांना समोरचं माणूस दिसत नाही, तेच म्हणाले होते एकदा. असा माणूस चष्मा ठेवून कुठं जातो?”

“नाटकं हाईत,” ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. तिनं गुडघे छातीशी घेतले आणि ते ताठ बोट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसली. “माझं काय चुकलं सांग. मी खोटं काय लावलंय? सगळे खरे फोटो हाईत. खरं बोललं तर लोक मरतात होय?”

“तू वेळ काढ ती. आत्ता.”

“तो आला असता तर काढली असती.”

“आणि तो नसेलच तर?”

तिनं फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. आम्ही दोघी त्या फोनकडे बघत बसलो. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि तिला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं, आणि ह्यातलं काहीच जमत नव्हतं. शेजारच्या घरातून उदबत्तीचा वास यायला लागला. कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली. भिंतीवरचं ऊन गेलं.

तेवढ्यात बेल वाजली.

मी दार उघडलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. अंगानं सडसडीत, केस घट्ट बांधलेले, आणि गळ्यात शिंप्याचा टेप तसाच लोंबत होता. तो काढायचं त्यांच्या लक्षात राहिलेलं दिसत नव्हतं.

“फोन तुम्ही केला होता?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“मी मगदूमांची बायको. हे खाली गाडीवर बसलेत. वर यायचं धाडस होईना त्यांना.”

मी दाराची चौकट धरली. माणूस जिवंत आहे, एवढंच डोक्यात शिरलं. बाईंनी माझ्याकडे एकदा खालून वर पाहिलं आणि त्या मला ओलांडून आत गेल्या.

चित्रा उठून उभी राहिली होती. हनुवटी वर. मारामारीला तयार असल्यासारखी.

“फोटो लावू नको म्हणायला आलाय काय?” तिनं विचारलं.

“फोटोचं तुझं तू बघ,” बाई म्हणाल्या. “हात दाखव.”

चित्रानं हात मागे घेतला.

“दाखव गं.”

का कोण जाणे, तिनं हात पुढे केला. बाईंनी तो आपल्या हातात घेतला, त्या बोटाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. दाबून बघितलं नाही.

“टाके?”

“तीन घातलेत आतनं.”

“सुई धरता येते?”

“न्हाई येत.”

बाईंनी हात सोडला आणि त्या स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्या बोलल्या ते चित्राशी. माझ्याकडे बघितलंच नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं.

“हे अवेळी घरी आले. मी मशीनवर होते, एका लग्नाच्या ब्लाउजची बाही लावत होते. समोर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कुठं जात होते, कधीपासून, सगळं. वीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं सलग कधी बोललेला नाही. माझा पाय थांबला नाही. मी बाही पुरी लावली. म्हटलं, हे माझं आणि ह्यांचं, ते मी नंतर बघेन, आणि चांगलं बघेन. मग त्यांनी तुझं सांगितलं. बोटाचं. फाटकापर्यंत नेलं, म्हणाले. मी विचारलं, पुढं काय झालं त्या मुलीचं? तर म्हणाले, माहीत नाही.” त्यांनी गळ्यातला टेप ओढून हातात घेतला. “तो रुमाल माझ्या हातच्या टिपेचा होता. तेव्हा मी शोधला होता तो, दोन दिवस. रुमाल शोधला मी. हे लक्षात आलं आणि उठले मशीनवरून.”



“चल,” बाई म्हणाल्या. “कुठल्या चौकीवर गेली होतीस तू? तिथंच जाऊ. हे सांगतील काय बघितलं ते. मी उभी राहते बाजूला, बघू कसे सांगत नाहीत. मला भिऊन गप्प होते ना, आता मला कळलंय. राहिलं गाव. सातला त्यालाही कळणार असेल, तर कळू दे.”

“आणि तुमचं?” चित्रानं विचारलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. “लोक तुमच्या दारात येतील. त्या औषधवाल्याच्या आले तसे.”

“येतील,” बाई म्हणाल्या. “ब्लाउज शिवायला त्याच बायका येतात माझ्याकडं. बघतील, हसतील. मी काय करू, तू सांग.”

चित्रा दाराकडे वळली. चप्पल घालताना तिला पट्टा लावता येईना, तेव्हा मीच वाकून लावला.

खाली मगदूम बायकोच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसले होते. चष्म्याविना त्यांचे डोळे उघडे पडल्यासारखे दिसत होते. मी त्यांना समोरासमोर पहिल्यांदा बघत होते आणि ते मला. मी म्हटलं, “या,” आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर त्यांचा उजवा हात आपोआप कानाकडे गेला. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तो खाली घेतला. मला त्यांची दया आली, रागही आला. दोन्ही एकदमच आले.

चौकीत ट्यूबलाइट नुकत्याच लागल्या होत्या. आम्हाला बाकावर बसवलं. बायको एका टोकाला, मगदूम दुसऱ्या टोकाला, मध्ये आम्ही दोघी. चित्राचा फोन तिच्या मांडीवर होता आणि त्याच्यावर एकामागून एक निरोप येऊन पडत होते. कोण आहे पुस्तकी साहेब? लवकर टाका. वाट बघतोय. शेंगदाणे घेऊन बसलोय, असंही कुणीतरी लिहिलं होतं. तिनं ते वाचलं. मग बाकाच्या त्या टोकाला बसलेल्या बाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होत्या आणि हातानं टेपची गुंडाळी करत होत्या. चित्रानं डाव्या हाताच्या बोटानं फोनवर काहीतरी दाबलं, परत दाबलं, खात्री करून घेतली. मी वाकून बघितलं तर नुसती त्या एका फोटोची वेळ काढलेली नव्हती. पेजच नव्हतं.

“पुसला,” ती माझ्या कानाशी म्हणाली.

पुढे संग्रामवर खटला उभा राहिला आणि तो वर्षानुवर्षं चालला. मगदूम प्रत्येक तारखेला आले आणि प्रत्येक वेळी न्यायाधीशांनी त्यांना मोठ्यानं बोलायला सांगितलं. गावात व्हायची ती चर्चा झालीच, फोटो नसला तरी साक्षीमुळे झाली. काही बायकांनी ब्लाउज दुसरीकडे टाकले, त्यातल्या बऱ्याच परत आल्या, कारण मगदूमांच्या बायकोसारखी बाही कुणाला लावता येत नव्हती. चौकातला तो फ्लेक्स कधी उतरला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी फोनचं काम सोडलं. चित्रानंही गाव बदललं. आता ती कुठे असते ते मी सांगणार नाही.

पण मला आठवते ती ती संध्याकाळ. कॉन्स्टेबल कागद घेऊन बसला. हा तोच, आधीच्या वेळी हसलेल्यांपैकी एक. चित्रानं मला कोपरानं खूण केली तेव्हा कळलं. त्यानं मगदूमांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. मला नाव विचारलं, तेव्हा मी खरं नाव सांगितलं, सरोजिनी भोसेकर, आणि माझाच आवाज मला परक्यासारखा वाटला. मग त्यानं मान वर करून टेपवाल्या बाईंकडे पाहिलं. बघा, नवऱ्याच्या भानगडीत बायकोपण आली, असं काहीतरी त्याच्या ओठांवर येऊन थांबलं होतं.

“आणि तुम्ही कोण, बाई? ह्या साहेबांच्या मिसेस काय?”

मगदूमांनी मान खाली घातली. बाई उठल्या, बाकाचं ते टोक सोडून आमच्याकडे आल्या आणि चित्राच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“मी हिच्याबरोबर आलेय,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या.”

आणि त्यानं लिहून घेतलं.